एकेचाळीस घरे, बेचाळीस फोल्डर

डबा हवा असेल तर आधी त्यातली पोळी दाखवावी, असा नियम जगातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात नाही. नळदुर्गला हमरस्त्यालगत, टायर-पंक्चरच्या दुकानावरच्या माडीत जे आरेखन कार्यालय आहे, तेथील संगणकात मात्र तो होता. आणि तो आहे, हे तेथील आरेखक बुद्धघोष सरवदे यांना मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता कळले.

काम तसे किरकोळ होते. तामलवाडीच्या माळावर सहा-सात वर्षांपूर्वी वसलेल्या वस्तीतील एकेचाळीस घरांची दप्तरी नोंद व्हायची होती. सरवदे यांनी स्वतः टेप धरून घरे मोजली होती, नकाशे काढले होते, प्रत्येक घराचा फोल्डर केला होता. आता राहिले होते ते एवढेच : प्रत्येक नकाशा उघडायचा, त्याचा पीडीएफ करायचा, माथ्यावर घरमालकाचे नाव घालायचे आणि शुक्रवारी पाचच्या आत तुळजापूरच्या कचेरीत नेऊन द्यायचे. शुक्रवार हुकला तर पुढची मुदत केव्हा, असे कचेरीत विचारले असता तेथील माणसाने उत्तरादाखल छताच्या पंख्याकडे पाहिले होते. पंखा बंद होता.

"हातानं करून टाका की, सरवदे. दोन दिवसांत उरकतंय," कार्यालयाचे मालक शांतलिंग सोमवारी म्हणाले. ते अभियंते होते आणि त्यांना कोणत्याही गोष्टीचे कुतूहल नव्हते. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असावा, असे सरवदे यांचे जुने मत होते.

"साहेब, एकच कृती एकेचाळीस वेळा करणे याला काम म्हणत नाहीत, त्याला शिक्षा म्हणतात. मी प्रोग्राम लिहितो. तो एकदाच विचारील, 'कोणता फोल्डर?' आपण बोट दाखवायचे. पुढचे सर्व तो करील."

"आन् न्हाय केलं तर?"

येथे शहाण्या माणसाने विषय बदलला असता. पण वादात आलेला प्रश्न अनुत्तरित सोडणे सरवदे यांना, उष्टे ताट टाकून उठण्याइतकेच, असभ्य वाटे. ते म्हणाले, "न केल्यास त्या एकेचाळीस घरांच्या दारांत मी स्वतः उभा राहून सांगेन की, तुमची घरे माझ्यामुळे कागदावर आली नाहीत."

"एकेचाळीस दारं!" शांतलिंग म्हणाले. "कुत्री लई हायत बरं का तिथं."

आरेखनाच्या सॉफ्टवेअरला पोटभाषा असते. तिच्यात आज्ञा लिहून त्याच्याकडून कामे करून घेता येतात. सरवदे यांनी ती भाषा कोणाकडून न शिकता, निव्वळ तिच्याशी भांडून आत्मसात केली होती. त्या भाषेत 'फाईल कोणती?' असे विचारणारी तयार आज्ञा होती. 'फोल्डर कोणता?' असे विचारणारी नव्हती. सरवदे यांनी दोनदा शोधले. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा शोधले. ज्या भाषेत पानाला शब्द आहे आणि झाडाला नाही, ती भाषा बोलणारे लोक सावलीत बसत तरी कसे असतील, याचा त्यांना अचंबा वाटला. आणि खरे सांगायचे तर, अडचणीच्या त्रासापेक्षा या अचंब्याचे सुखच त्यांना अधिक झाले.

खालच्या पंक्चरच्या दुकानाचे मालक महांतप्पा चहा घेऊन वर आले. त्यांना संगणक येत नव्हता, पण सल्ला देता येत होता.

"आप्पा," सरवदे म्हणाले, "मला फोल्डर विचारायचा आहे आणि हे यंत्र फाईल मागते. म्हणजे पिशवी हवी असेल तर पिशवीतले वांगे दाखवा, असा हा न्याय झाला."

"मग एक खोटं वांगं टाका की पिशवीत," महांतप्पा म्हणाले. "रिकामी फाईल ठिवा. ती दाखवा. फाईल कुठनं आली ते कळलं की पिशवी घावली."

उपाय अचूक होता. अनेक थोर प्रोग्रामकारांनी तोच केला असल्याचे सरवदे यांना पुढे आढळले. त्यांनी तो वीस मिनिटांत करून पाहिला, तो चालला, आणि एकविसाव्या मिनिटाला त्यांनी तो पुसून टाकला.

"चालत हुतं की!" महांतप्पा कळवळले.

"चालत होते, हे मान्य. पण जे कार्य असत्याने आरंभायचे, त्याच्या अंती छापलेल्या कागदावर मी सही कशी करू?"

"सर, तुमी बोलायलाव का पुस्तक वाचायलाव?" असे म्हणून महांतप्पा रिकामे पेले घेऊन खाली गेले.

बुधवारी सरवदे यांना असा शोध लागला की, फोल्डर विचारणारी एक खिडकी संगणकाच्या मूळ व्यवस्थेकडे तयार असते आणि ती उसनी आणता येते. सर्व फोल्डर तीत झाडासारखे दिसतात : मोठ्या फोल्डराच्या फांदीला लहान, लहानाच्या फांदीला आणखी लहान. तिच्या माथ्यावर आपल्याला हवे ते वाक्य लिहिण्याची सोयही होती. सरवदे यांनी त्या वाक्यावर पाऊण तास घालवला. "ज्या फोल्डरातील नकाशे सिद्ध करावयाचे असतील, तो फोल्डर कृपया निवडावा." 'सिद्ध' की 'तयार', याविषयी त्यांचा स्वतःशीच थोडा वाद झाला, 'सिद्ध' जिंकला. त्यांनी आज्ञा दिली. खिडकी उघडली. तिच्या माथ्यावर प्रश्नचिन्हांची एक लांब रांग उभी होती. सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी होती. तिला देवनागरी लिपी ठाऊक नव्हती.

आयुष्यात त्यांच्या वाक्यांना अनेकांनी हरकती घेतल्या होत्या, पण एकेका अक्षराला प्रश्न विचारणारा टीकाकार पहिलाच. शेवटी त्यांनी रोमन लिपीत 'FOLDER NIVADA' असे लिहिले आणि तिकडे पाहायचे नाही, असे ठरवले. त्याच कारणाने एकेचाळीस फोल्डरांची नावेही रोमन लिपीत करावी लागली.

सुधारलेला प्रोग्राम पुन्हा चालवला, तर खिडकीच उघडेना. पडदा स्तब्ध, माऊस मुका. यंत्र विचार करीत असावे, असे मानून सरवदे सौजन्याने थांबले. चाळीस मिनिटे थांबले. या अवधीत त्यांनी शांतलिंगांना दोनदा "चालू आहे" असे सांगितले. तिसऱ्या चहाला महांतप्पा वर आले, त्यांनी पडद्यावरची मोठी चौकट कोपऱ्यातल्या वजाबाकीच्या चिन्हाने खाली ढकलली, आणि तिच्या मागे ती लहान खिडकी निमूटपणे उभी होती.

"ही काय, मागं हुबी हाय की! पाव्हणी दारामागं आन् तुमी अंगणात वाट बघायलाव."

चाळीस मिनिटे ते ज्याची वाट पाहत होते, ते चाळीस मिनिटे त्यांची वाट पाहत होते. या परस्पर शिष्टाचारात दोष कोणाचा, हा प्रश्न सरवदे यांना इतका रोचक वाटला की, शरमिंदे व्हायचे राहूनच गेले. त्यांनी खिडकीला नेहमी पुढे येण्याची आज्ञा लिहिली.

मग चाचणी. महांतप्पांनी माऊस हाती घेतला आणि झाडाच्या अगदी शेंड्यावरचे 'हा संगणक' निवडले. "सगळ्यात मोठा डबा घेतला की सगळं आलं," हे त्यांचे तर्कशास्त्र. प्रोग्राम कोसळला, कारण संगणक हा संगणकात कुठे आहे, याचे उत्तर संगणकापाशी नव्हते. सरवदे यांनी झाडाचा शेंडा छाटून ते वस्तीच्या मुख्य फोल्डरापासून सुरू केले. पाठोपाठ शांतलिंग आले, त्यांनी खिडकी पाहिली आणि सवयीने 'रद्द' दाबले. प्रोग्राम पुन्हा कोसळला.

"साहेब, रद्द का केलेत?"

"मला काय निवडायचं नव्हतं."

ज्याला विचारले त्याला नाही म्हणण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व सरवदे यांना मान्यच होते. ते आपल्या प्रोग्रामला शिकवायचे राहिले, हा दोष त्यांचा होता. त्यांनी नकार ऐकण्याची सोय केली. बुधवारी संध्याकाळी पाच फोल्डरांवर प्रोग्राम निर्विघ्न चालला आणि सरवदे मान किंचित उंच करून घरी गेले.

गुरुवारी सकाळी कृष्णराज आला. माळावरच्या वस्तीत त्याचे आणि त्याचा थोरला भाऊ धोंडीबा याचे घर एकाला लागून एक होते, मध्ये एक सामाईक भिंत. आपला नकाशा बघून जावा म्हणून तो मोटरसायकल काढून आला होता. सरवदे यांनी मोठ्या हौसेने त्याच्यासमोर नवी खिडकी उघडली. आजवर गिऱ्हाइकाला फक्त आपला नकाशा दिसे. आता पहिल्यांदाच त्याच्यापुढे सगळे झाड पसरले होते.

कृष्णराजाने पडद्यावर बोट ठेवले.

"सरवदेसाहेब, हे काय हो? माझं नाव अण्णाच्या पोटात का दिसायलंय?"

दोघा भावांची घरे मोजायचे काम धोंडीबा घेऊन आला होता. त्यामुळे रीतीप्रमाणे फोल्डर झाला धोंडीबाचा आणि त्याच्या आत कृष्णराजाचा. कार्यालयात सगळेच फोल्डर असे असत : जो काम आणतो तो बाहेर, ज्यांचे आणतो ते आत.

"ती केवळ ठेवण्याची सोय आहे," सरवदे म्हणाले. "कायद्याच्या दृष्टीने तिला काडीचाही अर्थ नाही. तुम्ही आत असा की बाहेर, काहीएक फरक पडत नाही."

"फरक पडत न्हाय?"

"यत्किंचितही नाही."

"मग काढा की भाईर."

सरवदे यांच्या वादविवादाच्या कारकीर्दीत त्यांना इतक्या थोड्या शब्दांत कोणी चीत केले नव्हते. आपल्याच विधानाच्या दोरीने आपण बांधले गेलो आहोत, हे त्यांनी प्रामाणिकपणे तपासून पाहिले. गाठ पक्की होती.

"तीन वर्सं झाली वाटणीला," कृष्णराज म्हणाला, "आन् हितं आमी अजून अण्णाच्याच चुलीवर."

एवढ्यात त्याने मोबाईलवर त्या झाडाचा फोटो काढला होता. तो वस्तीच्या ग्रुपवर पोचला, तेव्हा साडेदहा वाजले होते. साडेअकराला अयोध्याबाईंचा फोन आला : त्या दिराच्या फोल्डरात होत्या आणि त्यांना ते बिलकुल मंजूर नव्हते. बारा वाजता तुळजाबाईंनी विचारले की, त्या सगळ्यांच्या खाली का. रोमन वर्णमालेत त्यांचे अक्षर उशिरा येते, या स्पष्टीकरणावर त्या म्हणाल्या, "मग ती माळ बदला." दुपारी दोनपर्यंत अकरा कुटुंबांनी बाहेर येण्याची मागणी नोंदवली होती. आत राहू द्या, असे म्हणणारा एकही निघाला नाही.

"मी म्हणलो हुतो, हातानं करा," शांतलिंग म्हणाले.

सरवदे यांनी फोल्डर एकेक उचलून बाहेर आणायला सुरुवात केली. अयोध्याबाई बाहेर आल्या. बाकीचे आले. शेवटी कृष्णराजाचा फोल्डर धोंडीबाच्या फोल्डरातून काढून त्याच्या बरोबरीने ठेवला. कृष्णराज समाधानाने म्हणाला, "आता उघडा नकाशा."

नकाशा उघडला. घर होते, ओसरी होती, मोरी होती. पूर्वेची भिंत नव्हती. घर तीन भिंतींवर उभे होते आणि चौथ्या बाजूने सताड उघडे पडले होते.

"माझी भिंत कुठं गेली?" कृष्णराज ओरडला. "अण्णानं नेली!"

या आरोपात तांत्रिकदृष्ट्या तथ्य होते. सामाईक भिंत दोनदा काढणे सरवदे यांच्या काटेकोर स्वभावाला पटले नव्हते. भिंत एक आहे तर रेघही एकच असली पाहिजे. म्हणून त्यांनी ती एका वेगळ्या नकाशात काढून धोंडीबाच्या फोल्डरात ठेवली होती आणि कृष्णराजाच्या नकाशाला सांगून ठेवले होते : 'एक पायरी वर जा, तेथे भिंत आहे, ती येथे दाखव.' आत होता तोवर एक पायरी वर धोंडीबा होता. बाहेर आल्यावर एक पायरी वर कोणीच नव्हते.

कृष्णराजाने फोन लावला. चार वाजता धोंडीबा जीप घेऊन आला. जीपमध्ये मागे दोघांची आई द्वारकाबाई बसली होती. तिला कोणी बोलावले नव्हते, पण भांडण भिंतीचे आहे हे कळल्यावर ती थांबली नव्हती.

"भिंत माझ्या विटांची हाय," धोंडीबा माडी चढता चढताच म्हणाला.

"गिलावा कुणाचा?" कृष्णराज म्हणाला.

"एका बाजूचा तुझा. मग एक बाजू ने."

"एका बाजूची भिंत आसती व्हय रं?" हा प्रश्न जिन्यातून महांतप्पांनी विचारला.

सरवदे यांना खरोखर प्रश्न पडला होता, आणि भांडणाच्या गदारोळातही तो त्यांना आकर्षक वाटत होता : दोघांची असलेली वस्तू ठेवायची कोणाकडे? भिंतीच्या दोन प्रती केल्या, तर कागदावर भिंती दोन होणार आणि मध्ये नसलेली बोळ निघणार. धोंडीबाकडे ठेवली, तर कृष्णराज तिला नकाशात घेणार नाही. तिला तिसरी जागा हवी. पण फोल्डर कोणाच्या तरी नावाचा असतो, आणि भिंतीला नाव नव्हते.

द्वारकाबाई खुर्चीवर बसून पडद्याकडे पाहत होती. तिला अक्षरे वाचता येत नव्हती, पण रेघ कुठे आहे आणि कुठे नाही, हे दिसत होते.

"माझ्या नावानं ठिवा की भिंत," ती म्हणाली. "दोगंबी पाठ टेकतेत तिला. नेणार कोण हाय?"

कोणीच हरकत घेत नाही, असा ठराव सरवदे यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्यांनी द्वारकाबाईच्या नावाचा फोल्डर केला, भिंत त्यात ठेवली आणि दोन्ही नकाशांना तिचा पत्ता दिला. कृष्णराजाच्या घराची पूर्वेची आणि धोंडीबाच्या घराची पश्चिमेची बाजू एकदम भरून आली.

शुक्रवारी दुपारी एक वाजता त्यांनी प्रोग्राम चालवला. खिडकी उघडली, पुढे उघडली. त्यांनी वस्तीचा मुख्य फोल्डर निवडला. प्रोग्रामने आतला प्रत्येक फोल्डर घेतला, त्यातला नकाशा उघडला, फोल्डराचे नाव माथ्यावर घातले, क्षेत्रफळ मोजले आणि पीडीएफ केला. वीस मिनिटे. शांतलिंग मागे उभे राहून पाहत होते. "बरं हाय," ते म्हणाले. त्यांच्या शब्दकोशात यावरचा शब्द नव्हता.

तीन वाजता छपाई संपली. धोंडीबाच्या जीपमध्ये गठ्ठा, सरवदे आणि दोघे भाऊ बसले. माझी भिंत नीट जाती का बघते म्हणून द्वारकाबाईही बसली. कचेरीच्या खिडकीशी ते पोचले तेव्हा पावणेपाच झाले होते.

कारकुनाने अर्ज मोजले, नकाशे मोजले, पेन ड्राईव्ह लावून आतल्या फायली मोजल्या.

"अर्ज एक्केचाळीस. नकाशे बेचाळीस. फायलीबी बेचाळीस. कुणाचा अर्ज राहिला?"

सरवदे यांनी गठ्ठा उलटून पाहिला. सतराव्या कागदाच्या माथ्यावर नाव होते 'DWARKABAI'. खाली मध्यभागी एक जाड रेघ. त्याखाली प्रोग्रामने निष्ठेने नोंदवले होते : 'बांधीव क्षेत्र २.०७ चौरस मीटर' या अर्थाचे, रोमन लिपीत, खोल्या शून्य, दारे शून्य. त्यांनी प्रोग्रामला सांगितले होते, प्रत्येक फोल्डर म्हणजे एक घर. त्याने शब्द पाळला होता.

"हा कागद काढून टाकतो," ते म्हणाले.

"काढता येत न्हाय. फायल हाय ना आत. फायल काढायची तर सगळं परत करून आणा. पाचला खिडकी बंद." कारकुनाने घड्याळाकडे पाहिले. "अर्ज वाढवता येतो मात्र. ह्या बाई हायत का?"

"हाय की," द्वारकाबाई मागून म्हणाली.

"राहता कुठं?"

"आमच्याकडंच," दोघे भाऊ एकदम म्हणाले.

"कुणाकडं?"

"एक महिना माझ्याकडं, एक महिना ह्याच्याकडं," धोंडीबा म्हणाला.

कारकुनाने पेन उचलून सरवदे यांच्याकडे पाहिले. येथे हरकत घ्यायला त्यांच्यापाशी निदान चार मुद्दे होते. घर म्हणजे काय, याची व्याख्या होती. खोट्या वांग्याला आपण नाही म्हटले होते, हेही त्यांना आठवले. मग त्यांनी त्या बाईचा पक्का पत्ता शोधून पाहिला : थोरल्याचे घर अर्धे वर्ष, धाकट्याचे अर्धे वर्ष, आणि बाराही महिने तिच्यापासून हातभर अंतरावर असणारी वस्तू एकच. विधान विचित्र होते. पण ते खोटे आहे, असे त्यांना सिद्ध करता येईना. त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि वळणदार अक्षरात भरला. अंगठा उठला तेव्हा पाचाला तीन मिनिटे कमी होती.

घरे दप्तरी गेली. एकेचाळीस दारांत उभे राहण्याची वेळ आली नाही. आली ती बेचाळिसाव्याची. सव्वा महिन्याने पत्र आले : द्वारकाबाई यांच्या मिळकतीचा तपशील असाधारण असल्याने प्रत्यक्ष पाहणी होईल, आरेखकाने हजर राहावे.

पाहणी करणारे साहेब टेप आणि तक्ता घेऊन माळावर आले. सरवदे इस्त्रीचा सदरा घालून, मनात सहा मुद्द्यांचा युक्तिवाद जुळवून उभे होते. वस्तीतले निम्मे लोकही होते. द्वारकाबाई दोन्ही ओसऱ्यांच्या मधोमध, भिंतीच्या टोकाला पाठ लावून शेंगा फोडत बसली होती. महिना कोणाचा चालू आहे, हे तिच्याकडे पाहून सांगता आले नसते.

साहेबांनी भिंत मोजली. नऊ मीटर लांब, तेवीस सेंटिमीटर जाड. मापाला माप लागले. सरवदे यांचा चेहरा थोडा उजळला. साहेबांनी तक्त्यातला पहिला रकाना वाचला.

"खोल्या?"

"दोनी घरातल्या हायत की," द्वारकाबाई म्हणाली.

सरवदे पहिला मुद्दा मांडायला पुढे सरसावले. साहेबांनी त्यांना हातानेच थोपवले.

"आजी, घर म्हणलं की दार पायजे. तुमच्या घराला दार कुठंय?"

द्वारकाबाईने मूठभर शेंगदाणे त्यांच्या हातावर ठेवले.

"या की कुठल्याबी बाजूनं," ती म्हणाली.

साहेबांनी आधी डावीकडच्या दारात उभ्या असलेल्या धोंडीबाकडे पाहिले, मग उजवीकडच्या दारातल्या कृष्णराजाकडे. दोघेही वाटेतून बाजूला झाले. साहेबांनी शेंगदाणे तोंडात टाकले, तक्ता मांडीवर घेतला आणि दारांच्या रकान्यात 'दोन' असे लिहिले.